न झालेल्या सामन्यांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधे आपल्या पेपरच्या क्रीडापानावर न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या दोन रग्बी टीमच्या आजवरच्या सामन्यांची एक चौकट आली होती, २०२६ साठी ऑल ब्लॅक्सचा (म्हणजे न्यूझीलंडच्या टीमचा) दक्षिण आफ्रिकेचा जुन्या पद्धतीचा लांबलचक दौरा ठरलाय त्या बातमीच्या खाली. रग्बीला मराठी पेपरात चार बोटं जागा मिळाली याचंच खरंतर इतकं अप्रूप वाटलं की मी कात्रण कापून ठेवलं. पण नंतर ते कात्रण दोन-तीनदा वाचलं आणि काहीतरी खटकायला लागलं. दौऱ्यांची यादी होती १९२१, १९२८, १९३७, १९४९, १९५६, १९६०, १९६५, १९७०, १९७६, १९८१ आणि मग डायरेक्ट १९९२. मधली अकरा वर्षं कुठे गेली? एक शब्द नाही. खाली फक्त एकूण सामने, यांनी जिंकले, त्यांनी जिंकले, बरोबरीत किती, संपलं.

आता आकडे चुकले होते असं मी म्हणत नाहीये, आकडे बरोबरच असतील. माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन टीमच्या बाबतीत जे सामने झाले त्यांच्याइतकेच जे झाले नाहीत ते महत्त्वाचे आहेत, आणि जे खेळले त्यांच्याइतकेच ज्यांना खेळू दिलं नाही ते. ते सोडून नुसता हिशोब छापला तर तो बरोबर असूनही अर्धाच राहतो.

आधी आकड्यांपासूनच सुरुवात करतो कारण तिथेच पहिली गंमत आहे. १९२१ ते १९८१ या साठ वर्षांत दोघांत ३७ कसोटी सामने झाले (रग्बीतही टेस्टच म्हणतात), त्यातल्या २० दक्षिण आफ्रिकेने जिंकल्या, १५ न्यूझीलंडने, २ बरोबरीत. म्हणजे तेव्हा आफ्रिका पुढे होती. आणि शंभरावी टेस्ट झाली सप्टेंबर २०२१ मधे, कोविडमुळे ती ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला खेळवावी लागली, जॉर्डी बॅरेटच्या शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर न्यूझीलंड १९-१७ ने जिंकलं. शंभर वर्षांत शंभर सामने, ऐकायला किती छान वाटतं, वर्षाला एक. पण तसं काही नव्हतंच, पहिल्या साठ वर्षांत ३७ आणि १९९२ नंतरच्या तीसेक वर्षांत ६३. आधीचे दौरे बोटीने, सात-आठ वर्षांतून एकदा, महिनोन्‌महिने चालणारे, गावोगावच्या टीमशी खेळत खेळत तीन-चार टेस्ट. नंतरचे विमानाने, दरवर्षी. एकाच रकान्यात दोन वेगळी युगं कोंबलीत आपण.

आणि स्कोअर! चौकटीत जुने स्कोअर वाचून कुणालाही वाटेल की तेव्हा फारच रटाळ खेळायचे. पण ट्रायला (बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवला की होतो तो) तेव्हा ३ गुण होते, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ४ झाले आणि १९९२ पासून ५. १९३७ ला ऑकलंडच्या ईडन पार्कवर मालिकेच्या निर्णायक टेस्टमधे स्प्रिंगबॉक्सनी (म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या टीमने) न्यूझीलंडला १७-६ हरवलं. वाचायला साधा विजय वाटतो ना? त्यात पाच ट्राय होते साहेब, न्यूझीलंडचा एकही नाही. आजच्या हिशोबाने ते २७ गुण होतात. त्यांच्याच घरी येऊन मालिका २-१ ने नेली. पुढे न्यूझीलंडची माणसं या टीमबद्दल कौतुकाने म्हणायची की न्यूझीलंडमधून बाहेर पडलेली सर्वात भारी टीम कुठली तर ही. हा चिमटा कुणाला आणि मुजरा कुणाला हे कळायला दोनदा वाचावं लागतं. आणि त्यानंतर ईडन पार्कवर स्प्रिंगबॉक्स आजतागायत जिंकलेले नाहीत, २०२५ च्या सप्टेंबरमधे पण गेले आणि २४-१७ हरले.

बरं आता न खेळलेल्यांकडे येतो. ही गोष्ट पहिल्या टेस्टच्याही आधी सुरू होते. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मधे न्यूझीलंडच्या सैनिकांची टीम दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेली. त्या सैनिकांच्या टीममधे एक दणकट फॉरवर्ड होता, नॅथॅनिएल विल्सन. युद्धाआधी ऑल ब्लॅक्सकडून खेळलेला. त्याच्या अंगात थोडं वेस्ट इंडियन रक्त होतं, वर्ण सावळा, म्हणून दोस्तांनी त्याचं नाव पाडलं होतं ‘रणजी’. होय, आपल्याच रणजितसिंहजींवरून! तर या रणजी विल्सनला त्या दौऱ्यात खेळवलं नाही, कारण तिथल्या लोकांना चालणार नव्हतं. युद्धात चालला, ग्राउंडवर नाही. या दोन देशांच्या रग्बीचा खरा पहिला निकाल कुठला असेल तर मी हा धरतो, आणि तो कुठल्याच चौकटीत सापडत नाही.

१९२८ ला ऑल ब्लॅक्स पहिल्यांदा तिकडे गेले, मालिका २-२. डरबनच्या पहिल्या टेस्टमधे बेनी ऑस्लरने एकट्याने १४ गुण केले आणि न्यूझीलंड १७-० हरलं, एवढ्या फरकाने ते पुढे सत्तर वर्षं कुणाशीच हरले नाहीत. त्या टीममधे फुलबॅक जॉर्ज नेपिया नव्हता. हा कोण तर १९२४-२५ च्या ज्या टीमने ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा धरून सगळेच्या सगळे ३२ सामने जिंकले त्यातला प्रत्येक सामना खेळलेला पोरगा, दौऱ्यावर निघाला तेव्हा एकोणीस वर्षांचा. जखमी होता का? फॉर्म गेला होता का? नाही, माओरी होता, न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी. न्यूझीलंडच्या बोर्डाने दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या टीममधे माओरी घ्यायचेच नाहीत असं धोरण ठेवलं होतं, समोरच्यांनी तोंड उघडायच्या आधीच यांनी माणसं गाळायची. मला स्प्रिंगबॉक्सपेक्षा यांचा जास्त राग येतो कधीकधी. कारण समोरच्याची वर्णद्वेषी विचारसरणी तरी उघड होती, हे मात्र घरी माओरींचा ‘हाका’ नाच नाचून जगाला दाखवणार आणि बोट सुटताना माओरींना धक्क्यावर ठेवणार.

१९४९ तर कहरच. पुन्हा माओरी घरी, त्यात जॉनी स्मिथसारखा त्या काळातला अव्वल सेंटर. आफ्रिकेत ऑल ब्लॅक्स चारच्या चार टेस्ट हरले. केपटाउनच्या पहिल्या टेस्टमधे ओकी गेफिन नावाच्या आडदांड प्रॉपने पाच पेनल्टी मारल्या आणि १५-११ ने सामना काढला, आफ्रिकेचा एकही ट्राय नव्हता. (ही बुटाच्या जोरावर जिंकायची खोड लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे.) आणि ३ सप्टेंबर १९४९ ला एक अजब प्रकार घडला, न्यूझीलंडची एक टीम डरबनला स्प्रिंगबॉक्सशी टेस्ट खेळत होती आणि त्याच दिवशी दुसरी टीम घरी वेलिंग्टनला ऑस्ट्रेलियाशी, आणि या घरच्या टीममधे स्मिथ खेळत होता. दोन्हीकडे हरले. एका देशाने एकाच दिवशी दोन टेस्ट हरायचा पराक्रम!

इथे कुणी म्हणेल की नेपिया आणि स्मिथ असते तर न्यूझीलंड जिंकलंच असतं असं काही नाही. मान्य. १९७० आणि १९७६ ला माओरी घेऊन गेले तरी दोन्ही वेळा ३-१ ने हरून आले, आणि त्या काळी रेफरी यजमानांचाच असायचा हेही विसरून चालणार नाही, त्यावरून १९७६ ला न्यूझीलंडवाल्यांनी कितीतरी दिवस दात-ओठ खाल्ले. माझा मुद्दा जिंकण्याहरण्याचा नाहीच. १९२८, १९४९ आणि १९६० या तीन दौऱ्यांत मिळून बारा टेस्ट झाल्या, आफ्रिकेने आठ जिंकल्या, न्यूझीलंडने तीन, एक बरोबरीत. या बाराही सामन्यांत ‘न्यूझीलंड’ असं लिहिलेली जी टीम उतरली ती अख्ख्या न्यूझीलंडची नव्हती. आणि दुसऱ्या बाजूचं तर बोलायलाच नको, १९८१ पर्यंतच्या ३७ पैकी एकाही टेस्टमधे स्प्रिंगबॉक्सची जर्सी काळ्या किंवा कलर्ड (मिश्रवंशीय) खेळाडूच्या अंगावर नव्हती. म्हणजे देशातल्या बहुसंख्य लोकांना वगळून निवडलेली टीम आपण ‘दक्षिण आफ्रिका’ म्हणून छापतो. तिथले काळे आणि कलर्ड प्रेक्षक वेगळ्या कोपऱ्यात बसून उघडउघड ऑल ब्लॅक्सच्या नावाने ओरडायचे, केपटाउनमधे अजून अशी घराणी आहेत जी तीच परंपरा चालवतात आणि स्वतःच्याच देशाच्या विरुद्ध काळी जर्सी घालून येतात.

मधे १९५६ आहे, तो निव्वळ रग्बीचा दौरा, मारामाऱ्या सुद्धा रग्बीच्याच. न्यूझीलंडने ३-१ ने मालिका जिंकली आणि स्प्रिंगबॉक्सना विसाव्या शतकात पहिल्यांदाच हरलेली मालिका घेऊन घरी जावं लागलं. चौथ्या टेस्टमधे पीटर जोन्स नावाच्या फॉरवर्डने बॉल घेऊन जी धाव काढली ती गाजली आणि सामन्यानंतर माइक हातात दिल्यावर आपण किती दमलोय हे सांगताना त्याने जो शब्द वापरला तो त्याहून जास्त गाजला, रेडिओवर असले शब्द ऐकायची लोकांना सवय नव्हती.

१९६० पर्यंत मात्र घरातच विरोध सुरू झाला होता. ‘माओरी नाही तर दौरा नाही’ अशी घोषणा, दीड लाखाच्या वर सह्यांचं निवेदन. दौरा गेलाच. पण १९६७ चा ठरलेला दौरा न्यूझीलंडच्याच बोर्डाने रद्द केला, कारण १९६५ मधे आफ्रिकेचे पंतप्रधान फर्वुर्ड यांनी भर भाषणात सांगून टाकलं होतं की माओरी चालणार नाहीत, आणि तेही स्प्रिंगबॉक्स न्यूझीलंडमधे पाहुणचार घेत असताना! चौकटीत १९६५ नंतर १९७० येतं. मधलं १९६७ हा रिकामा भाग नाहीये, बोर्डाला तब्बल चाळीस वर्षांनी सुचलेलं शहाणपण आहे ते.

१९७० ला मग पळवाट काढली. तीन माओरी आणि सामोअन वंशाचा ब्रायन विल्यम्स यांना ‘मानद गोरे’ म्हणून येऊ दिलं. मानद डॉक्टरेट ऐकली होती, मानद गोरा ही पदवी इथेच ऐकली. एकोणीस वर्षांच्या विल्यम्सने त्या दौऱ्यात नुसता धुमाकूळ घातला.

१९७३ चा स्प्रिंगबॉक्सचा दौरा पंतप्रधान नॉर्मन कर्क यांनी रद्द करायला लावला. निवडणुकीच्या आधी म्हणाले होते आम्ही ढवळाढवळ करणार नाही, पण पोलिसांनी सांगितलं की मोठी दंगल होईल आणि पुढच्या वर्षी क्राइस्टचर्चला राष्ट्रकुल स्पर्धा होती ती बहिष्काराने बुडाली असती. १९७६ ला नवं सरकार, ऑल ब्लॅक्स सोवेटोत काळ्या विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबाराला दोन आठवडेही झाले नसताना आफ्रिकेत. परिणाम काय तर न्यूझीलंडला बाहेर काढत नाहीत म्हणून पंचवीसहून जास्त देशांनी, बहुतेक आफ्रिकेतल्या, मॉन्ट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. रग्बी ऑलिंपिकमधे नव्हतीच तेव्हा! पंधराशे मीटरला न्यूझीलंडचा जॉन वॉकर आणि टांझानियाचा फिल्बर्ट बाई यांची शर्यत बघायला जग टपलेलं होतं, बाई आलाच नाही, वॉकरने गोल्ड घेतलं पण ती शर्यत काही झाली नाही. रग्बीच्या एका दौऱ्याने दुसऱ्याच खेळातला सामना खाल्ला. आपल्याला हे नवीन नाही म्हणा, १९७४ ला भारताने डेव्हिस कपची फायनल याच कारणासाठी दक्षिण आफ्रिकेला सोडून दिली होती, कप हातातून गेला पण खेळलो नाही.

आणि मग १९८१. चौकटीत या वर्षापुढे लिहिलंय ‘न्यूझीलंड २-१’. बस.

छप्पन्न दिवस तो दौरा चालला. वर्णद्वेषी राजवटीच्या टीमशी खेळू नका म्हणत दीड लाखाहून जास्त लोक दोनशेच्या वर मोर्च्यांमधे उतरले, पंधराशे जणांवर खटले भरले, आणि तेव्हा त्या देशाची लोकसंख्या तीस लाखाच्या थोडी वर होती, म्हणजे प्रमाण बघा. बाप स्टेडियममधे आणि पोरगी बाहेर मोर्च्यात असं घराघरात झालं. कॅप्टन ग्रॅहम मूरीने खेळायलाच नकार दिला, सेंटर ब्रूस रॉबर्टसनने पण. २५ जुलैला हॅमिल्टनला वायकाटो विरुद्ध स्प्रिंगबॉक्स सामना होता, दक्षिण आफ्रिकेत लोक पहाटे साडेचारला उठून टीव्हीसमोर बसले होते कारण थेट प्रक्षेपण होतं. आणि त्यांना दिसलं काय तर कुंपण पाडून आत घुसलेली साडेतीनशेच्या आसपास माणसं, ग्राउंडच्या मधोमध हातात हात अडकवून उभी. स्टँडमधले रग्बीवाले चिडून डबे-बाटल्या फेकतायत, पोलीस एकेकाला उचलतायत, त्यात बातमी आली की कुणीतरी एक छोटं विमान पळवलंय आणि ते ग्राउंडकडे यायला निघालंय. सामना रद्द. एकही बॉल न खेळता. माझ्या मते या दोन देशांच्या रग्बीतला सर्वात महत्त्वाचा सामना हाच, आणि याला स्कोअरच नाही.

शेवटची टेस्ट १२ सप्टेंबरला ईडन पार्कवर. मालिका १-१. याचं रेकॉर्डिंग मी मोबाईलवर कितीतरी वेळा पाहिलंय आणि दरवेळी अंगावर काटा येतो. ग्राउंडभोवती काटेरी तारा, बाहेर रस्त्यावर धुमश्चक्री, आणि वरून एक छोटं सेस्ना विमान इतकं खालून घिरट्या घालतंय की गोलपोस्टला घासेल असं वाटतं, आणि प्रत्येक फेरीत खाली पिठाच्या पिशव्या, पत्रकं, धुराच्या नळ्या. खेळाडू स्क्रमला वाकतात, विमान येतं, सगळे वर बघतात, परत वाकतात. अशीच एक पिठाची पिशवी न्यूझीलंडचा प्रॉप गॅरी नाइटला लागली आणि तो गडी आडवा झाला, सहा फुटी माणूस, पांढरा पडलेला, अक्षरशः. उठला आणि पुढे खेळला! आणि एवढं होऊनही, हे लिहायला मलाच विचित्र वाटतं, सामना भन्नाट झाला. हाफटाइमला न्यूझीलंड १६-३ पुढे, मग रे मॉर्टने तीन ट्राय ठोकले, तिसऱ्यावर स्कोअर २२-२२, नास बोथाचं कन्व्हर्जन (ट्रायनंतरची जादा गुणांची किक) चुकलं, आणि जादा वेळेत वेल्सचे रेफरी क्लाइव्ह नॉर्लिंग यांनी दिलेल्या पेनल्टीवर ॲलन ह्यूसनने २५-२२ केलं. त्या पेनल्टीवरून आफ्रिकेत अजून भांडतात. एखाद्या जुन्या स्प्रिंगबॉक्स चाहत्यासमोर नॉर्लिंग हे नाव काढून बघा.

त्या दौऱ्यात एरोल टोबायस पण होता, स्प्रिंगबॉक्सकडून टेस्ट खेळलेला पहिला कलर्ड खेळाडू, नुकताच आयर्लंडविरुद्ध खेळून आलेला. न्यूझीलंडमधे त्याला एकाही टेस्टमधे घेतलं नाही. दाखवायला आणला होता असं मी म्हणणार नाही, कारण खेळाडू म्हणून तो खरंच चांगला होता, पण ज्याने त्याने काय ते समजावं.

पुढची अकरा वर्षं चौकटीत नाहीत ती अशी. १९८५ चा दौरा कोर्टाने अडवला, आणि मुद्दा फार भारी होता: बोर्डाच्याच घटनेत लिहिलंय की रग्बीचा प्रसार आणि भरभराट करायची, मग हा दौरा त्यात बसतो का? हायकोर्टाने मनाई हुकूम दिला. लगेच पुढच्या वर्षी १९८६ ला त्याच टीमच्या तीसपैकी अठ्ठावीस जणांनी बोर्डाला न विचारता परस्पर ‘कॅव्हेलियर्स’ नावाने आफ्रिका गाठली. न गेलेले दोघे म्हणजे डेव्हिड कर्क आणि जॉन कर्वन. कॅव्हेलियर्स चार सामन्यांत ३-१ हरले. आफ्रिकेने त्या सामन्यांना टेस्ट मानून खेळाडूंना कॅप (टेस्ट खेळल्याचा मान) दिल्या, न्यूझीलंड मानत नाही. आपल्या चौकटीतही ते नाहीत, बरोबरच आहे, पण एक ओळ तरी हवी होती. आणि एका वर्षाने पहिला वर्ल्डकप झाला, दक्षिण आफ्रिकेला त्यात बोलावलंच नव्हतं, तो कप उचलला कुणी तर न गेलेल्या त्या डेव्हिड कर्कने.

१९९२ च्या १५ ऑगस्टला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर परत सुरुवात झाली, न्यूझीलंड २७-२४. ठरलं होतं की जुनं राष्ट्रगीत वाजवायचं नाही, हिंसाचारात गेलेल्यांसाठी मिनिटभर शांतता पाळायची. प्रत्यक्षात राष्ट्रगीत वाजलं आणि गोऱ्या प्रेक्षकांनी ते छाती फुगवून म्हटलं. तीनच वर्षांनी, त्याच एलिस पार्कवर, २४ जून १९९५, वर्ल्डकपची फायनल. हॅमिल्टनचा सामना बंद पडला तेव्हा रॉबेन आयलंडच्या तुरुंगात असलेला माणूस, नेल्सन मंडेला, राष्ट्राध्यक्ष म्हणून सहा नंबरची स्प्रिंगबॉक्स जर्सी घालून ग्राउंडवर आला. त्या फोटोवर इतकं लिहून झालंय की मी काही भर घालत नाही. फक्त सामन्याबद्दल: शंभर मिनिटं खेळले, एकही ट्राय नाही, दोन्ही टीमचे सगळे गुण दोनच माणसांनी पायाने काढले, आफ्रिकेच्या स्ट्रान्स्कीने १५ आणि न्यूझीलंडच्या मर्टन्सने १२. जोना लोमूसारखा बुलडोझर अख्खा वेळ अडवून धरला. न्यूझीलंडवाले आजही सांगतात की फायनलच्या आधी टीमच्या जेवणात काहीतरी गडबड होती, अर्धी टीम आजारी होती. असेलही. आणि त्या आफ्रिकी टीममधे गोरा नसलेला एकच, चेस्टर विल्यम्स. म्हणजे बदल झाला होता, पण पंधरात एक एवढाच.

१९९६ ला प्रिटोरियात ३३-२६ जिंकून न्यूझीलंडने आफ्रिकेच्या जमिनीवर पहिली मालिका जिंकली, १९२८ पासून अडुसष्ट वर्षं वाट बघून. शिट्टी वाजली तेव्हा ऑल ब्लॅक्स नाचले नाहीत, जिथे होते तिथेच गवतावर पडून राहिले.

त्यानंतरचं मी भराभर उरकतो कारण ते आकड्यांत बऱ्यापैकी बसतं. पारडं सरळ न्यूझीलंडकडे झुकलं. २०१७ ला ऑल्बनीला ५७-० केलं, आणि पुढच्याच वर्षी स्प्रिंगबॉक्सनी वेलिंग्टनला जाऊन ३६-३४ ने तोंड बंद केलं. २००२ ला डरबनमधे एक जाडजूड प्रेक्षक चालू सामन्यात ग्राउंडवर घुसला आणि त्याने रेफरीलाच टॅकल केलं, बिचाऱ्याचा खांदा निखळला. हल्ली पुन्हा आफ्रिकेचा जोर आहे, २०२४ ला दोन्ही टेस्ट जिंकल्या आणि २०२५ ला वेलिंग्टनला ४३-१०, न्यूझीलंडचा आजवरचा सर्वात मोठा पराभव.

२०२३ ची पॅरिसची फायनल मात्र सोडवत नाही. १२-११. न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केनला रेड कार्ड, पुरुषांच्या वर्ल्डकप फायनलमधलं पहिलंच, म्हणजे तासभर ऑल ब्लॅक्स चौदा जण खेळले आणि तरी सामन्यातला एकमेव ट्राय त्यांचाच, बोडन बॅरेटचा. आफ्रिकेचे बाराच्या बारा गुण हांद्रे पोलार्डच्या चार पेनल्टींचे. पीटर-स्टेफ डू टॉइटने २८ टॅकल केल्या. गेफिन, स्ट्रान्स्की, पोलार्ड, चौऱ्याहत्तर वर्षं झाली पण खोड तीच. आणि कप उचलणारा कॅप्टन सिया कोलिसी, स्प्रिंगबॉक्सचा पहिला काळा टेस्ट कॅप्टन. त्या रात्री टीव्हीवर त्याला बघताना मला रणजी विल्सन आठवला हे खरं सांगतो, बाकी कुणाला आठवला असेल असं वाटत नाही.

२०१० मधे न्यूझीलंडच्या रग्बी बोर्डाने गाळलेल्या माओरी खेळाडूंची जाहीर माफी मागितली, पाठोपाठ आफ्रिकेच्या बोर्डाने पण. नेपिया १९८६ लाच गेला होता.

तर संपादक महाराज, आता दौरा जवळ आला की चौकट पुन्हा छापाल, प्रत्येक टेस्टच्या आधी छापाल. जागेची अडचण मला कळते. पण सर्वात मोठा विजय, सर्वात जास्त ट्राय वगैरे ओळींतली एखादी काढा आणि तिथे १९६७, १९७३, १९८५ ही तीन वर्षं टाका, पुढे ‘दौरा रद्द’ एवढं लिहिलं तरी पुरे. आणि जमलं तर १९८१ च्या पुढे कंसात हॅमिल्टन.

आपला,
क्रीडापान आधी उघडणारा एक वाचक

ता.क. : १९२१ च्या वेलिंग्टन टेस्टचा स्कोअर ०-० छापलाय ती छपाईची चूक आहे असं माझ्या एका मित्राचं म्हणणं पडलं. चूक नाहीये. पाऊस आणि चिखलात खरंच कुणाचा एकही गुण झाला नाही, आणि पहिली मालिका तशीच १-१ सुटली.